खड्ड्याचं माप

शनिवारी दुपारी धर्मेंद्रनं ट्रॉलीभर मुरूम अंगणात ओतून घेतला. मुरूम कशाला, हे मंजुषानं नवऱ्याला विचारायची गरज नव्हती. पवनीतल्या त्यांच्या घराच्या समोरच्या खोलीत हातमाग होता, आणि मागाखाली खड्डा. विणणाऱ्यानं त्यात पाय सोडून काठावर बसायचं, खाली पायांनी पावड्या दाबायच्या आणि वर हातांनी धोटा फेकायचा. तो खड्डा आता बुजवायचा होता.

"सोमवारी कुंदन सुतार येते. माग उतरवून टाकू," धर्मेंद्र म्हणाला. "खड्ड्याचा काठ घासून घासून पाय निळेकाळे झाले तुये. मले पाहवत नाही."

तो खरं बोलत होता, हीच तर पंचाईत. वाईट नवऱ्याशी भांडता येतं, अख्खी गल्ली बाजूनं उभी राहते. काळजी करणाऱ्या नवऱ्याशी भांडलं की बाई वाईट. मंजुषानं आवाज चढवला नाही.

"सोमवारी मी भंडाऱ्याले चालली, मोठ्या डॉक्टरले दाखवाले. मी येईपर्यंत मागाले हात लावू नोका."

दार धरून उभ्या असलेल्या गीताबाई, तिच्या सासूबाई, पुटपुटल्या, "हत्तीपायाले आता काय दाखवतं?"

हत्तीपाय. कित्येक वर्षं हा शब्द मंजुषाच्या मागे होता. अठरा वर्षांपूर्वी लेक रिता झाली आणि त्यानंतर मंजुषाचे पाय कंबरेपासून भरत गेले ते थांबेचनात. दोन्ही पाय सारखेच. नुसते जाड असते तर चाललं असतं, पण ते दुखायचे. लहानगी रिता मांडीवर चढली तरी कळ मस्तकात जायची. कुठे आपटल्याचं आठवत नसताना निळे डाग उठायचे. आधी सगळे म्हणाले, खाणं कमी कर. तिनं सोमवार धरला, गुरुवार धरला, एकादशी धरली. गळ्याची हाडं वर आली, गाल बसले, पाय तसूभर हलले नाहीत. लोक मात्र म्हणायचे, चोरून खात असेल. उपाशी माणसाला हे ऐकवणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, दुसरं काय!

मग गावानं स्वतःच निदान केलं. आपल्या भंडाऱ्याकडे जाड पाय दिसला की डॉक्टर लागत नाही, पानठेल्यावरचा माणूसही हत्तीपाय सांगतो. दर वर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला बाया दारोदार येतात, सगळं घर गोळ्या घेतं, मंजुषाही घ्यायची. हा रोग डासानं पसरतो, शिवल्यानं नाही, हे त्या बाया दर वर्षी समजावून सांगायच्या. गीताबाई दर वर्षी मान डोलवायच्या आणि सुनेचा बसायचा पाट वेगळाच ठेवायच्या. अठरा वर्षांत त्यांनी तिच्या पायाला बोट लावलं नव्हतं.

मंजुषानं लग्नाकार्याला जाणं सोडलं. रिताला शाळेत बक्षीस मिळालं, तेव्हाही ती घरीच राहिली. पोरीला कुणी काही बोलायला नको. जीव नकोसा झाल्याचे दिवसही आले, ते तिनं कुणाला सांगितले नाहीत. त्या दिवसांतही ती उठून मागावर बसायची. मागावर बसलं की पाय खड्ड्यात जायचे आणि कुणाला दिसायचे नाहीत. वर उरायचे ते हात, आणि तिच्यासारखा साडीचा काठ विणणारे हात पवनीत दुसरे नव्हते. व्यापारी दारात उभं राहून म्हणायचा, मंजुषाबाईच्या हातचाच पाहिजे. हा खड्डा बुजला असता तर तिच्यापाशी फक्त पाय उरले असते.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ती भंडाऱ्याला गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मंजुषानं बसता बसताच सांगून टाकलं, "मले हत्तीपाय आहे."

बाईंनी साडी मांडीपर्यंत वर करायला लावली. मांडी पाहिली, पोटरी पाहिली आणि मग पावलाशी येऊन थांबल्या. पायांची जाडी घोट्यापाशी एकदम संपली होती, तिथे कुणी दोरी बांधल्यासारखी. खाली पाऊल बारीक होतं.

"ही जोडवी कधीची?"

"लग्नातली."

"कधी घट्ट झाली?"

"नाही. उलटी सैल होते. दोनदा वैनगंगेत जाता जाता राहिली."

बाईंनी तिच्या पायाच्या बोटावरची कातडी चिमटीत उचलून पाहिली. ती सहज उचलली गेली. "हत्तीपायात पाऊल सुजतं, बोटं सुजतात, कातडी अशी चिमटीत येत नाही. ही जोडवी कधीच कापून काढावी लागली असती. आणखी तपासण्या करून घेऊ, पण मला हा लिपिडिमा वाटतो. कातडीखाली चरबी साठते, दुखते. बहुतेक बायकांनाच होतो, घराण्यातही असतो. आईचे पाय कसे होते?"

"असेच." मंजुषाला तिची आई शकुनबाई आठवली. तिच्या पायांकडे पाहून लोक तिला खात्यापित्या घरची म्हणायचे.

"उपासानं हे उतरत नाही. तुमची काही चूक नाही, बाई."

मंजुषा रडली. बोलणी खाताना कधी रडली नव्हती ती, तिथे पदर तोंडात घालून रडली. मग डोळे पुसले आणि जे विचारायला आली होती ते विचारलं. "मागावर बसू का नको?"

गोळीनं हे जाणार नव्हतं, हे बाईंनी लपवलं नाही. घट्ट मोजे घालायचे, रोज चालायचं, पाय हलते ठेवायचे. "पावड्या दाबणं चांगलंच आहे. फक्त काठ रुतायला नको."

तपासण्यांना दोन फेऱ्या झाल्या. तोवर माग तसाच उभा होता आणि मुरूम अंगणात. हत्तीरोग निघाला नाही. दुसऱ्या फेरीहून आली ती 'मले हत्तीपाय नाही' एवढं दारात सांगून तशीच माजघरात गेली आणि लोखंडी सब्बल घेऊन मागाच्या खोलीत शिरली. पायात नवे मोजे होते, उन्हानं जीव हैराण झाला होता, पण तिनं ते काढले नाहीत. खड्ड्याच्या काठावर पहिला घाव बसला तसा धर्मेंद्र धावत आला.

"काहून फोडून राहिली?"

"अठरा वर्षं पाय लहान करून पाह्यले. होत नाही. आता खड्डा मोठा करतो."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या मुरुमाकडे पाहिलं. तिच्या हातातली सब्बल घेतली. "किती मोठा करू?"

उत्तर दारातून आलं. "असा अंदाजे खणाचा नसते तो."

गीताबाई आत आल्या. हातात सुताची लडी होती. त्या नवी नवरी होऊन या घरात आल्या, तेव्हा सासऱ्यानं त्यांचं माप घेऊन हा खड्डा खणला होता. विणणारीच्या मापाचाच खड्डा खणायचा, ही विणकरांची रीत. त्या काडीसारख्या होत्या, खड्डाही तसाच झाला. नंतर मंजुषा मागावर बसली, आणि तिचं माप घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"बस काठावर," त्या म्हणाल्या.

मंजुषा बसली. गीताबाई गुडघे धरत खाली टेकल्या. सूत हातात घेऊन क्षणभर थांबल्या, मग त्यांनी सुनेची पोटरी दोन्ही हातांत धरली. मंजुषानं खड्ड्याचा काठ घट्ट धरला.

"दुखते?"

"दुखते, आई."

"पहिले काहून नाही सांगितलं?"

गीताबाईंनी हात हलका केला. सूत पोटरीभोवती फिरवलं, गुडघ्याशी फिरवलं, मांडीशी फिरवलं, आणि प्रत्येक मापाला गाठ मारली. मग दोन्ही पायांचं माप जमिनीवर अंथरून खडूनं रेघ ओढली. धर्मेंद्रनं सब्बल उचलली.

"थांब," गीताबाई म्हणाल्या, आणि रेघ चार बोटं आणखी बाहेर ओढली. "तिले हालाले जागा पाहिजे."