दिवाणजींची डावी मूठ

हसायचं असेल तर आधी चहाचा घोट गिळून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाला असा ठसका लागला, की माझा पांढरा शर्ट कायमचा वाया गेला!

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात एक काका होते. मूळचे नागपूरचे, रेल्वेतून रिटायर झालेले. दर गणपतीत मंडळाचं ते राजा-राणीचं नाटक व्हायचं, आणि त्यातले कपटी दिवाणजी म्हणजे काका. असा खलनायक मी आजवर पाहिला नाही हो! नाटक संपल्यावर पोरं त्यांच्या हातून मोदकसुद्धा घ्यायची नाहीत.

काका यंदा गेले. काकूंनी बाहेर पडणंच सोडलं. मंडळाने जवळच्या सोडाला भागातल्या हॉलमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवला, आणि काकांचा गाजलेला प्रवेश करून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगू? मला काकांबद्दल प्रेम होतंच, पण पोटात दुसरंही होतं. गणपतीत दिवाणजी कोण होणार, ते त्याच दिवशी ठरणार होतं, आणि मला दिवाणजी व्हायचं होतं!

काकांच्या प्रयोगाचा एकच व्हिडिओ शिल्लक होता. तो मी किती वेळा पाहिला ते माझ्या बायकोला विचारा. त्यात काका डाव्या हाताची मूठ कमरेशी घट्ट आवळून फिरतात. मध्येच थांबतात, डोळे विंगेकडे वळवतात, आणि अख्खं थिएटर श्वास रोखून बसतं. वा! म्हटलं, यातली एक रेघ इकडची तिकडे होता कामा नये.

घरात मूठ, सोसायटीत मूठ. भाजीवाला म्हणाला, "बाऊजी, पेट में दर्द है क्या?"

लेक म्हणाली, "बाबा, मतलब थोडं जास्तच होतंय."

"तुला काय कळतंय अभिनयातलं?" मी.

कार्यक्रमाच्या दिवशी जन्मभर पँट घातलेल्या या माणसाने व्हिडिओ बघून स्वतः धोतर नेसलं. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आल्या होत्या, हेच खूप. चेहरा मात्र सुकलेला.

प्रवेशाआधी मी भाषण ठोकलं. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही! "ही मूठ म्हणजे दिवाणजींनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला संताप आहे! आणि ते मध्येच थांबणं... ते थांबणं म्हणजे शब्दांपलीकडचा अभिनय!" टाळ्या पडल्या. मी फुगलो.

प्रवेश सुरू झाला. मूठ आवळली, रंगमंचावर फिरलो, राणीसमोर आलो आणि थांबलो. डोळे विंगेकडे. हॉल चिडीचूप.

आणि पहिल्या रांगेतून खणखणीत कुजबूज आली, "राणीसाहेब, उद्याची सकाळ तुमची नाही!"

काकू! अहो, मंडळात इतकी वर्षं प्रॉम्प्टिंग त्याच तर करायच्या!

मी हळूच म्हणालो, "काकू, मला येतंय वाक्य."

"मंग काहून थांबला रे?"

"काका थांबायचे ना! अभिनय..."

"कायचा अभिनय? विसरले होते ते! मी विंगेतून बोंबलून राहिली होती, अन् त्यांना ऐकूच जात नव्हतं!"

हॉलमध्ये खसखस पिकली. माझे कान तापले. पण गप्प बसेन तो मी कसला? म्हटलं, "बरं, थांबण्याचं राहू द्या. पण ही मूठ? हा दाबलेला संताप?"

"अरे बाप्पा! धोतर सुटलं होतं त्यांचं! मूठ सोडली असती तर संताप नाही, दुसरंच काही दिसलं असतं!"

मग काय विचारता! लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. आणि काकू... काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. काका गेल्यापासून पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं. आता हार मानावी, या माऊलीला नमस्कार करावा, म्हणून मी खाली वाकून हात जोडले.

दोन्ही हात.

"मूठ!" काकू जिवाच्या आकांताने ओरडल्या, "अरे मूठ धर, मूठ!"

याही वेळी प्रॉम्प्टिंग अगदी वेळेवर होतं. ऐकायला उशीर मीच केला. माझी चट्ट्यापट्ट्यांची चड्डी अख्ख्या मराठी मंडळाने उभं राहून, टाळ्या वाजवत पाहिली.

दिवाणजींचा रोल मलाच मिळाला बरं का! काकूंनीच माझं नाव सुचवलं. फक्त यंदाचे दिवाणजी चुडीदार घालणार आहेत, आणि त्याची नाडी प्रयोगाआधी काकू स्वतः तपासणार आहेत.