बनाबाईची हाक

माण तालुक्यातली बनाबाई जर्मनीला निघाली, तेव्हा गावाला वाटलं, बाई विमानाला घाबरणार. बनाबाईला विमानाचं काहीच नव्हतं. तिला घोर होता मेंढरांचा.

लेक स्वप्नाली तिकडं पहिलटकरीण होती. जावई दिग्विजय कुपवाडच्या कारखान्यातून तिथल्या कंपनीत गेलेला, जवळ दुसरं कुणी नाही. "आई, तू आली नाहीस तर मी काय करू?" असं लेक फोनवर रडली. त्यावर बनाबाईचा नवरा नानासो म्हणाला, "तू जा. मी मेंढरं इकतो."

त्याचंही चुकत नव्हतं. घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज पार बसला होता. शेजारी बसलेल्याला ऐकू येईना, तिथं माळावरच्या मेंढरांना काय जाणार? कळप चालायचा तो बनाबाईच्या हाकेवर. दिवस कलला की ती बांधावर उभी राहून हाळी द्यायची आणि मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, गोळा व्हायची. मागं राहिलेलीला लांडगा सोडत नाही.

"इकायची न्हाईत," बनाबाई म्हणाली. "मी तिथनं हाक मारीन."

"जर्मनीतनं?"

"मग काय चंद्रावरनं?"

आधी तिची हाक मोबाइलमध्ये भरून वाजवून पाहिली. पहिल्या दिवशी सगळी आली. दुसऱ्या दिवशी भोरी नावाची म्हातारी मेंढी फतकल मारून बसली आणि तिच्या नादानं आणखी चारदोन. भरून ठेवलेल्या हाकेला मागं कोण राहिलंय ते दिसत नाही, आणि नाव घेऊन शिवी घातल्याशिवाय भोरी हलत नाही. म्हणजे व्हिडिओ कॉलच पाहिजे. नानासोनं भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणला. बनाबाईनं दहिवडीला जाऊन वर्षाचा रिचार्ज मारला आणि ती निर्धास्त झाली.

तिथंच घोडं पेंड खात होतं. जर्मनीत उतरल्यावर मोबाइलला रेंजच येईना.

"मामी, तो रिचार्ज आपल्याकडंच चालतो," दिग्विजय म्हणाला.

बनाबाईनं कपाळावर हात मारला, पण रडत बसेल तर ती बनाबाई कसली! घरात वायफाय होतं. तिकडं दुपार असते तेव्हा माणात दिवस मावळायला येतो. जेवणं उरकली की ती गॅलरीत जाऊन गळा मोकळा सोडायची. कळप आत गेला की वाघरीचं तोंड बांधत नानासो घोगऱ्या आवाजात विचारायचा, "समदी आली?" मोबाइलवर नजर फिरवून ती सांगायची, "आली."

स्वप्नालीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आई, हळू गं! शेजारी पोलिसांना बोलावतील."

"बोलवू दे. त्येंनाबी मेंढरं दावते."

मग एका सकाळी स्वप्नालीला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात आत एकालाच सोडत होते, म्हणून दिग्विजय गेला. बनाबाई बाहेर बाकावर बसून राहिली. दुपार झाली तरी आतून काही कळेना. तिकडं मेंढरं माळावर. जीव दोन्हीकडं ओढत होता. पण लेकीसाठी आत तिला काही करता येत नव्हतं, मेंढरांसाठी येत होतं. ती उठली. काउंटरवरच्या बाईपुढं मोबाइल धरून म्हणाली, "वायफाय." ती बाई जर्मनमध्ये बरंच काही बोलली. बनाबाईनं ते ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "वायफाय." शेवटी बाईनंच मोबाइल घेऊन नेट जोडून दिलं.

आत ओरडायचं नाही, एवढी समज तिला होती. ती बागेत आली आणि नेट पोचेल अशा बेतानं भिंतीला खेटून उभी राहिली. पलीकडं नानासो रडकुंडीला आलेला, मेंढरं चहूकडं पांगलेली.

"हुर्रर्र... या गं बायांनो, घरला याऽऽ! भोरेऽ, मुडदा बशिवला तुजा, ऊठ!"

दवाखान्याचा रखवालदार धावत आला. बनाबाईनं त्याला हातानंच थांबवलं आणि पुन्हा हाक दिली. भोरी उठली. तिच्या मागोमाग धुळीत सगळा कळप वाघरीकडं वळला. रखवालदार वाकून मोबाइलमध्ये बघत राहिला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून दिग्विजय ओरडला, "मामी, वर या! मुलगी झाली!"

बनाबाई मोबाइल तसाच हातात धरून धावली. स्वप्नाली घामानं चिंब झाली होती आणि हसत होती.

"आई, खिडकी उघडी होती. माझं सगळं बळ सरलं होतं बघ. तेवढ्यात तुझी हाक आली, घरला या म्हणून. लहानपणी मलापण अशीच बोलवायचीस ना?" तिनं पोरीला जवळ घेतलं. "ही तुझ्या हाकेलाच आली."

बनाबाईच्या डोळ्यांना धार लागली. हातातल्या मोबाइलमधून घोगरा आवाज आला, "आगं, समदी आली का?"

तिनं मोबाइल नातीकडं वळवला.

"आली," ती म्हणाली. "आन् एक वाढली."