अकरा माणसं आणि पेंग्विनचं बेट

शिवांजलीसोबत सहलीला जाऊन आलेल्या लोकांना तिची एक खोड पाठ झालेली असते. ती माणसं मोजते. गाडीत चढताना मोजते, चहाला उतरल्यावर मोजते, देवळाच्या रांगेत शिरताना आणि रांगेतून बाहेर पडतानाही मोजते. कुणीतरी म्हणतंच, "ताई, आम्ही काय शेरडं आहोत का?" ती हसते, आणि हसता हसता पुढचा आकडा धरते.

ही खोड तिला रामकिसन आजोबांमुळं लागली. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. धाराशिवला बस स्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर तिनं दोन टेबलांचं ऑफिस थाटलं होतं. आधी रेल्वे स्टेशनवर उतरणाऱ्या भाविकांना तुळजापूरला जायला जीप ठरवून द्यायची, मग हळूहळू तिरुपती, रामेश्वरम अशा सहली काढायला लागली. दुसऱ्याच मोठ्या सहलीत आंध्रातल्या एका जंक्शनवर रामकिसन आजोबा पाण्याची बाटली भरायला उतरले आणि गाडी सुटली. दोन स्टेशनं मागं पडल्यावर तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा त्याच फलाटावर, त्याच नळाशेजारी बसलेले सापडले. "म्या म्हनलं, इथून हललो तर तुमी मला कुठं हुडकायच्या?" एवढंच ते बोलले. त्यांच्या घरच्यांनीही तिला बोल लावला नाही. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

अशा बाईकडं द्वारकाबाई आल्या आणि म्हणाल्या, "शिवा, मला पेंग्विन बघायचेत."

द्वारकाबाई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवायच्या. शिवांजलीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. फळ्यावर खडूनं एका दमात दक्षिण अमेरिका काढायच्या, खालचं टोक काढताना हात जरासा वळायचा, आणि तो नकाशा पुसायचा मुलींना धीर व्हायचा नाही. आता त्यांचं वय एकाहत्तर, उजवा गुडघा दुखरा. त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी अकरा जणांनी मुंबईच्या एका कंपनीकडून क्रूझ ठरवली होती. ब्यूनस आयर्सला चढायचं, खंडाच्या टोकाला वळसा घालून चिलीत उतरायचं. सगळ्यात तरुण म्हणजे औषधाच्या दुकानाचा मालक सोमेश, तो बावन्न वर्षांचा.

"जहाजाचं ठरलं," बाई म्हणाल्या. "पण बंदरावर उतरल्यावर काय करायचं ते तू बघ. जहाजवाल्यांच्या पेंग्विनच्या सहली सगळ्या भरल्यात म्हणे."

"बाई, मी तिकडं कधी गेले नाही."

"मी तरी कुठं गेले होते? तरी शिकवलंच की तुम्हाला."

नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. भिंतीवर तिनं खंडाच्या निमुळत्या टोकाचा नकाशा चिकटवला आणि अभ्यासाला बसली. नवरा नंदीश तेर गावातल्या शाळेत शिक्षक. संध्याकाळी एसटीनं परत आला की तोही तिच्याबरोबर नकाशात डोकं घालायचा. तिला जो नियम सगळ्यात आधी कळला, तोच तिच्या छातीवर बसला. जहाजवाल्यांनी काढलेल्या सहलीला गेलेल्या लोकांना उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या सोयीनं गेलेल्यांसाठी थांबत नाही. वेळ झाली की शिडी वर जाते. मग पासपोर्ट घेऊन पुढचं बंदर ज्याचं त्यानं गाठायचं.

"एसटी सुद्धा दोन मिनिटं थांबते, कंडक्टरला हाक मारली की," ती नंदीशला म्हणाली.

"पण तू त्यांना वेळेत आणशील की."

"मी इथं बसून?"

पेंग्विन दिसण्याजोगी चार बंदरं होती. पहिलं अर्जेंटिनातलं पुएर्तो मॅड्रिन. तिथली वसाहत सगळ्यात मोठी, लाखो पेंग्विन, पण बंदरापासून एकशे ऐंशी किलोमीटर. जायला तीन तास, यायला तीन तास आणि जहाज थांबणार नऊ तास. शिवांजलीनं हिशेब मांडला, पुन्हा मांडला आणि मॅड्रिनवर काट मारली. बाई भडकल्या. "अगं, सोलापूरला जाऊन येण्यासारखं आहे ते!"

"सोलापूरच्या रस्त्यात टायर फुटलं तर मी दुसरी गाडी पाठवीन, बाई. तिथं कुठून पाठवू?"

"तुझा जीव उंदराएवढा झालाय," बाई म्हणाल्या. पण ऐकलं.

दुसरं बंदर फॉकलंड बेटांवरचं, तिसरं अर्जेंटिनाच्या टोकाचं उशुआइया, चौथं चिलीतलं पुंता अरेनास. तिन्ही ठिकाणी तिनं स्थानिक माणसं शोधली, मराठीतून स्पॅनिश-इंग्रजी करून देणाऱ्या ॲपवर पत्रं लिहिली, उत्तरं पुन्हा मराठीत करून वाचली. एक हुकलं तर दुसरं, दुसरं हुकलं तर तिसरं. एवढी तजवीज तिनं स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

जानेवारीत मंडळी निघाली आणि एकेक हुकतच गेलं. फॉकलंडला वारा इतका सुटला की कप्तानानं जहाज बंदरात नेलंच नाही. उशुआइयाच्या बेटावर दिवसाकाठी थोड्याच लोकांना उतरू देतात. यांची जागा पक्की होती, पण आदल्या दिवशी ज्यांची फेरी रद्द झाली होती त्यांना पुढं घेतलं आणि यांना नुसतं बोटीतून काठ दाखवून आणलं. सोमेशनं फोटो पाठवला. राखाडी वाळूवर काळे ठिपके. खाली बाईंचा संदेश: "हे कावळे असतील तरी कळायचं नाही. मॅड्रिनला तू नको म्हणालीस."

ती एक ओळ शिवांजलीला लागली. दोन दिवसांनी पेंग्विनचं शेवटचं बंदर होतं.

पुंता अरेनासची आखणी अशी होती. जहाज सकाळी सहाला धक्क्याला लागणार. सातला मार्सेला नावाची तिथली वाटाडी बाई गाडी घेऊन येणार. आठला बोट, नऊला पेंग्विनचं बेट, तासभर तिथं, अकराला बोट परत, साडेअकराला जहाज. एक वाजता सगळे जहाजावर हवेत. म्हणजे हाताशी दीड तास जास्तीचा. तिथं सकाळचे सात म्हणजे धाराशिवला दुपारचे साडेतीन. भिंतीवरच्या घड्याळाशेजारी तिनं दुसरं घड्याळ टांगलं होतं, साडेआठ तास मागं लावलेलं.

दुपारी पावणेतीनला मार्सेलाचा संदेश आला. ॲपनं त्याचं मराठी केलं: "दहानंतर वारा मोठा होईल. बोट जाईल. परत येणे हळू असू शकते. मी तुम्हाला विचारते, जायचे की नाही?"

शिवांजलीनं तो पुन्हा पुन्हा वाचला. नाही म्हणणं किती सोपं होतं! नाही म्हटलं की अकराही जण एक वाजता जहाजावर, सुखरूप. बाई रागावतील, आयुष्यभर बोलून दाखवतील, पण असतील. तिनं "नाही" लिहिलंही. पाठवायच्या आधी तिनं नंदीशला फोन लावला. मधली सुट्टी चालू होती, मागं पोरांचा गलका.

"रद्द करते मी," ती म्हणाली.

"त्यांना विचारलंस का?"

"त्यांना काय विचारायचं? जबाबदारी माझी आहे."

"जबाबदारी तुझी. पण गुडघा बाईंचा, पेंग्विन बाईंचा," नंदीश म्हणाला. "एवढी शिकली-सवरलेली माणसं. त्यांना खरं काय ते सांग तर."

तिनं फोन ठेवला. मॅड्रिनवर काट मारली, तेव्हा तिनं कुणाला विचारलं होतं? हिशेब दाखवला होता, पण निकाल लावूनच. तिनं "नाही" पुसलं आणि सोमेशच्या फोनवर व्हिडिओ लावला. तिकडं सकाळ, सगळे स्वेटरं-टोप्या घालून न्याहारीला बसलेले.

"सगळे ऐका," ती म्हणाली. "वारा वाढणार आहे. बोट जाईल, पण यायला उशीर होऊ शकतो. दीड तास जास्तीचा आहे, त्याहून उशीर झाला तर जहाज निघून जाईल. मग तुम्हाला त्या गावात राहावं लागेल, विमान बघून पुढचं बंदर गाठावं लागेल. मी इथून सगळं करीन, पण तिथं नसेन. मला स्वतःला भीती वाटतेय. आता तुमचं तुम्ही ठरवा."

सोमेश म्हणाला, "माझ्या आईला बीपी आहे ताई, आम्ही दोघं थांबतो." आणखी एक जोडपं थांबलं. उरले सात.

"बाई?" शिवांजलीनं विचारलं.

बाई मफलर गुंडाळत होत्या. "पासपोर्ट घेतलाय, गोळ्या घेतल्यात, जास्तीचे मोजे घेतलेत. अजून काय घेऊ?"

तिकडच्या आठला, म्हणजे इथं साडेचारला, बोट सुटल्याचा फोटो आला. त्यानंतर फोन गप्प झाले. समुद्रात रेंज नाही हे तिला माहीत होतं. मार्सेलानं आधीच सांगितलं होतं. माहीत असून काही उपयोग झाला नाही. साडेसहाच्या सुमारास दोन गिऱ्हाइकं तिरुपतीची चौकशी करून गेली. आपण त्यांना काय सांगितलं, ते तिला नंतर आठवेना. साडेसातला बोट धक्क्याला लागायला हवी होती. आठ वाजता सोमेशनं जहाजावरून कळवलं: "कुणी आलं नाही. वारा लई सुटलाय, डेकवर उभं राहवत नाही."

नंदीश डबा घेऊन ऑफिसातच आला. त्यानं डबा उघडला नाही. साडेआठ झाले. ती मार्सेलाला फोन लावत राहिली; पलीकडून दर वेळी तेच स्पॅनिश वाक्य, जे तिला आता पाठ झालं होतं. दुसऱ्या फोनवर तिनं विमानं शोधली. सात जागा. पुढच्या बंदराजवळ विमानतळच नव्हता, त्याच्या पुढच्या बंदराजवळ होता, पण जहाज तिथं पोचणार तीन दिवसांनी. सात म्हाताऱ्या माणसांनी तीन दिवस काय खायचं? द्वारकाबाई तर अंड्यालाही न शिवणाऱ्या. तिला एकाएकी रडू आलं.

"अजून तास आहे," नंदीश म्हणाला.

"पाऊण," ती म्हणाली.

नऊ वाजून दोन मिनिटांनी मार्सेलाचा संदेश आला: "गाडीत आहोत. सर्व."

"सर्व म्हणजे किती?" तिनं लिहिलं.

"सात. आणि मी."

नऊ वाजून बावीस मिनिटांनी सोमेशनं व्हिडिओ पाठवला. शिडीवर वाऱ्यानं वाकलेली माणसं एकेक करून चढत होती, मधे बाई, एक हात कठड्याला, दुसरा मार्सेलाच्या खांद्यावर. शिडी वर जायला आठ मिनिटं उरली होती. शिवांजलीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. मग दोघांनी गार झालेल्या भाकऱ्या खाल्ल्या.

उशीर कशानं झाला ते बाईंनी आवाजी संदेशात सांगितलं. वाऱ्याचं अर्धं, उरलेलं पेंग्विनचं. बेटावर दोरीनं आखलेली वाट आहे, आणि तिथला कायदा असा की वाट आधी पेंग्विनची. तो आडवा आला की माणसानं थांबायचं. "एक आला तो वाटेतच उभा राहिला, शिवा. आमच्याकडं बघेना, हलेना. त्याची पिसं गळत होती, निम्मा अंगरखा उतरलेला. मार्सेला घड्याळ बघतेय, आम्ही सातजण रांगेत उभे. वीस मिनिटं! आणि वास म्हणशील तर पावसाळ्यातलं कोंबड्यांचं शेड. मला इतकं हसू आलं, की गुडघा दुखतोय हे विसरलेच."

फेब्रुवारीत बाई ऑफिसात आल्या. जिना चढून दमल्या होत्या, खुर्चीवर बसून पाणी प्यायल्या. भिंतीवरच्या नकाशाकडं त्यांनी मान वर करून पाहिलं आणि बोटानं मॅड्रिनची जागा दाखवली.

"इथं लाखो असतात म्हणे."

"व्हय बाई."

"माझा राग गेलेला नाही हं अजून."

"राहू द्या की," शिवांजली म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तेव्हा विचारलं असतं तरी मी मॅड्रिनला जाऊ नका असंच सांगितलं असतं."

"सांगितलं असतंस," बाई म्हणाल्या. "आणि मी गेलेच असते."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. गंगासागरला जायचं म्हणून कळंबची चार माणसं आली होती. शिवांजलीनं त्यांना बसायला सांगितलं, भरती-ओहोटीचा तक्ता काढला आणि पहिल्यांदा बोटीचंच सांगायला घेतलं: ओहोटीला ती तासनतास अडकते, जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.