आढीच्या खोलीची खिडकी

तलासरीला लेकीकडे नातवाचं बारसं उरकून जरा टेकले होते, तेवढ्यात नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे थोरले दीर. या माणसाने जन्मात कधी स्वतःहून फोन लावला नाही. आलेला फोनसुद्धा "घे, तुझाच असेल" म्हणत वहिनींच्या हातात द्यायचे. त्या दिवशी स्वतः बोलले. "शैला, ही गेली गं... चिकूखालचा पाला झाडत होती, तिथेच बसली." सुमनवहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, अशा बसल्या जागी गेल्या. खरं सांगते, मला आधी रागच आला. दसऱ्याच्या सणाची तयारी गणपतीतच करणारी बाई, आणि जाताना कुणाला काही सांगू नये? आता काही आठवडे झालेत, राग ओसरलाय. आता त्यांची आठवण आली की बऱ्याचदा हसूच येतं, आणि ते त्यांना आवडलं असतं.

आमचं घर सरावलीजवळ, चिकूच्या वाडीत. माझे यजमान बोईसरच्या कारखान्यात, सुट्टीला येणार. एरवी घरात आम्ही तिघंच. मागे एका वर्षी फ्लूची मोठी साथ येतेय म्हणून टीव्हीवाले घसा फोडून सांगत होते. मी म्हटलं, येईल आणि जाईल, सर्दीखोकला काय आपल्याला नवा आहे? वहिनींनी टीव्ही बंद केला आणि मला मागच्या पडवीत नेलं. नानांना जुना दमा. आदल्याच थंडीत साध्या सर्दीने त्यांना दवाखान्यात नेऊन नाकाला नळ्या लावाव्या लागल्या होत्या. "शैला, यांना हा ताप झाला तर हे परत घरी यायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आपण दोघी पडलो तर पडलो. यांच्यापर्यंत पोचता कामा नये." एवढं बोलून त्या कामाला लागल्या, आणि घराची शांतता संपली.

वाणगावच्या बाजारातून तांदूळ, साबण, लिंबं आली. सुके बोंबील डब्यात भरले. डॉक्टरांना विचारून तापाच्या गोळ्या आणल्या, नानांच्या दम्याचा जास्तीचा पंप आणला, थर्मामीटर आणला आणि तो कसा लावायचा याची परीक्षा आम्हा दोघांकडून घेतली. माझ्या यजमानांना फोनवर दम भरला, "साथ संपेपर्यंत तिकडेच राहा, इथे येऊन कौतुकं नकोत." पण सगळ्यांत कहर म्हणजे नानांना त्यांनी चुलीपुढे उभं केलं. "पेज शिका. मी पडले तर काय खाल?" नाना म्हणाले, "शैला आहे की." "ती पण पडली तर?" नाना हताश होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी काय करणार! पहिली पेज खाली लागली. दुसरीत मीठ दोनदा पडलं. वहिनींनी ती म्हशीपुढेसुद्धा ठेवू दिली नाही, म्हणाल्या, "तिचं काय चुकलं बिचारीचं?"

आणि मग आजाऱ्याची खोली. आमच्याकडे मागच्या अंगाला आढीची खोली होती. तिथे पेंढ्यात चिकू पिकत घालायचे, वरून गोणपाट, आणि दार घट्ट बंद. घरापासून वेगळी आणि स्वच्छ, म्हणून वहिनींनी तीच निवडली. पेंढा काढला, सारवलं, खाट टाकली. एवढ्यावर भागेना, तर म्हणे एक दिवस तालीम करू! शैला आजारी, वहिनी सेवेला, नाना स्वयंपाकाला. मी कुरकुरत जाऊन आडवी झाले, वहिनींनी दार लावलं. थोड्या वेळात मी घामाने निथळत, चिकूच्या वासाने डोकं धरून बाहेर आले. म्हटलं, "वहिनी, अजून जरा ठेवलं असतंत तर संध्याकाळपर्यंत पिकलेच असते मी!" वहिनी हसून हसून पायरीवर बसल्या. मग एकदम उठून दारातून आत बघायला लागल्या. "अगं बाई... वारा लागू नये म्हणूनच तर बांधलीय ही खोली. आणि मी माणूस घालायला निघाले त्यात."

दुसऱ्या दिवशी सायवनचा गवंडी हजर. तोही बिचकला, "बाई, आढीला कुठे खिडकी असते का?" नानांनी तर आकांत मांडला, वडिलांनी बांधलेली खोली, आता यात एक चिकू धड पिकायचा नाही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "चिकू बाजारात पिकलेले मिळतात. तुम्ही मिळता का?" नाना उठून गवंड्याला विटा उचलून द्यायला लागले.

साथ आली, आणि ताप चढला तो मलाच. खाटेवर पडल्या पडल्या मी स्वतःला शिव्या घालत होते... माझ्यापायी नानांना काही झालं तर? वहिनी माझ्याबरोबर त्या खोलीतच राहिल्या, घरात पाऊल टाकलं नाही. नाना तोंडाला फडकं बांधून अंगणातून यायचे, दोन वाट्या पेज खिडकीत ठेवायचे आणि लांब पेरूखाली जाऊन उभे राहायचे. वहिनी चव घेऊन आतून ओरडायच्या, "अहो, मीठ कमी!" नाहीतर, "अहो, आज बरं जमलंय!" नवराबायको इतकं मोकळं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी बरी झाले. पाठोपाठ वहिनींनाही ताप येऊन गेला. नानांना साधी शिंकसुद्धा आली नाही. वहिनी महिनाभर अशा मिरवत होत्या की जणू साथ त्यांनीच परतवून लावली.

खोलीत पुढे चिकू खरंच नीट पिकले नाहीत. मग आम्ही दोघी दुपारी तिथेच बसायला लागलो, निवडणं-टिपणं तिथेच. छान वारा येतो.

वहिनींचे दिवस उरकून मी बाळंतिणीसाठी परत लेकीकडे गेले होते, ती परवा तलासरीहून सामान घेऊन आले, आता इथून हलायचं नाही म्हणून. वाटलं होतं, चूल थंड असेल, नाना उपाशी असतील. दुपारी त्या खोलीत जाऊन खाटेवर बसले, एकटीच. थोडं रडू आलं. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि खिडकीत वाटी आली. पेज, वर लिंबाची फोड. नाना सवयीने मागे सरून पेरूखाली जाऊन उभे राहिले. जाईनात तिथून. मला कळेना कशाला थांबलेत... आणि मग कळलं. मी घोट घेतला, डोळे पुसले आणि आतून मोठ्याने म्हटलं, "नाना, मीठ बरोबर आहे!"