रोझलिन सिस्टरांची बादली

परीक्षेचा पेपर सुटला, की रोझलिन सिस्टर शाळेच्या फाटकात निळी बादली घेऊन उभ्या राहायच्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाने आपली प्रश्नपत्रिका त्या बादलीत टाकायची आणि मगच घरी जायचे, असा त्यांचा कायदा होता. परीक्षा संपली की ज्याला हवी त्याने येऊन घेऊन जावी. कोणी येत नसे. उरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर पुढचे सहा महिने आठवीची पोरे गणिते करत. फाटकाबाहेर स्कूटरवर बसलेले पालक या बादलीकडे खाऊ की गिळू असे बघत. प्रश्नपत्रिका हाताशी नसेल तर पोराला रस्ताभर विचारायचे काय? सिस्टरांना कोणी जाब विचारलाच, तर उत्तर ठरलेले होते.

"तेरवी माणसाची करतेत. गेलेल्या पेपरची नाही करत."

एका केरळी जोगिणीच्या तोंडून तेराव्या दिवसाची ही तेरवी ऐकली, की नवा पालक गार पडायचा. सिस्टर विशीत केरळातून आल्या त्या थेट पातूरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात. तिथे औषधाला येणाऱ्या बायकांकडून त्या मराठी शिकल्या, त्यामुळे त्यांची मराठी शंभर टक्के वऱ्हाडी होती. मी पुण्याची, लग्न होऊन अमरावतीत आलेली, मराठीची शिक्षिका. मुलाखतीला सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरून बसले होते. त्यांनी फाईल उघडलीही नाही. "पोट्टे रडले तं काय करान तुमी?" एवढेच विचारले. मी बालमानसशास्त्रातले काहीतरी सांगायला लागले. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिले पाणी द्या जा, मॅडम."

माध्यमिक विभाग त्यांच्याकडे होता. एकदा वरून परिपत्रक आले, की विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी समिती नेमावी. समिती नेमली, तिची बैठक झाली, बैठकीत कचोऱ्या झाल्या. सिस्टर म्हणाल्या, समिती जेवली, आता पोट्ट्यांनी डबा खाल्ला का ते पाहून येते. आणि खरोखरच मधल्या सुट्टीभर त्या वर्गावर्गांतून फिरत. न उघडलेला डबा त्यांना लांबून दिसायचा. परीक्षेच्या दिवसांत आवारातल्या मेरीमातेच्या गुहेपुढे सगळ्या जातिधर्मांची पोरे हात जोडून उभी असत आणि काही जण नारळसुद्धा बोलत. सिस्टरांची त्याला हरकत नव्हती. खोबऱ्याचा एक तुकडा आपल्याकडे पोचला पाहिजे, इतकीच अट होती.

प्राची गवईचा डबा असाच बंद सापडला. दहावीतली मुलगी, हुशार, अक्षर असे की फलकलेखन तिच्याकडेच. सहामाहीला तिने गणिताचा पेपर कोरा दिला. गणित तिला येत होते, हे वर्गातल्या बाकांनाही ठाऊक होते. सिस्टरांनी तिला स्वतःच्या खोलीत बसवले, पाणी दिले आणि बराच वेळ काही विचारले नाही. मी कोपऱ्यात वह्या तपासत होते. शेवटी प्राचीच बोलली. पेपर लिहायला घेतला, की बाबांचा आवाज ऐकू येतो. दोनमधला तिसरा बरोबर आला का, पाचवा का सोडला. शाळेत बादली होती खरी, पण पेपर साऱ्या शाळांना एकच असायचा आणि ट्यूशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नपत्रिका बाबांची स्कूटर सुरू व्हायच्या आत पोचलेली असे. मार्चमध्ये बोर्डाला बसायचेच नाही, असे तिने ठरवले होते. ते तिने इतक्या शांतपणे सांगितले, की मी हातातले लाल पेन खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गवई साहेब आले. सरकारी कचेरीत मोठे कारकून, अकोटजवळच्या खेड्यातून शिकून वर आलेला सरळ माणूस. हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. सिस्टरांनी चहा मागवला आणि चौकशी सुरू केली. आज कचेरीत पहिली फाईल कोणती केली? ती बरोबर झाली का? नक्की? दुसरी का राहिली? शेजारच्या टेबलावरच्यांनी किती केल्या? साहेबांनी पहिल्या दोन-तीन प्रश्नांना अदबीने उत्तरे दिली. मग त्यांचे कान लाल झाले.

"सिस्टर, आत्ताच सुटून आलो मी. जरा बसू तं द्या."

हे बोलले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. चहावर साय धरली. मग हेल्मेटकडे बघत म्हणाले, "माह्या बापाले मी कोणत्या वर्गात हावो, हे बी माहीत नव्हतं. कधी इचारलंच नाही त्यानं. म्हून मी सारं इचारतो."

सिस्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाल्या, प्रेम आहे ते, मला दिसते. पण पोरीला त्यात बाप दिसत नाही, पोलीस दिसतो.

"मंग काय इचारू तिले? मले दुसरं काई इचारताच येत नाही."

"शिका. पोरगी दहावी करून राहिली, तुमी बी करा."

नाताळ झाला आणि सिस्टरांची बदली आली, अकोल्याला. पोरे अशी रडली, जणू त्या सातासमुद्रापार निघाल्या. अकोला आहे, अमेरिका नाही, एसटीत बसा अन् या, असे त्या प्रत्येकाला सांगत होत्या. प्राची रडत नव्हती, तिची मला जास्त धास्ती होती. बोर्डाचे सेंटर दुसऱ्या शाळेत, तिथल्या फाटकात कोण उभे राहणार, असे तिने विचारले. "तुहा बाप," एवढेच सिस्टर म्हणाल्या आणि एका पिशवीनिशी रिक्षात बसल्या. मला त्या दिवशी त्यांचा रागच आला. इतका मोठा भरवसा त्या माणसावर टाकायचा?

पहिला पेपर माझाच, मराठीचा. प्राची आत गेली, हेच मला निम्मे जिंकल्यासारखे वाटले. सुटायच्या वेळी मी सेंटरबाहेर रसवंतीच्या मांडवात उभी राहिले. गवई साहेब समोरच होते. प्राची आली, चेहरा पांढरा, आणि सवयीने तिने प्रश्नपत्रिका बापापुढे धरली. त्यांनी घेतली. दुसरा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला. मी मनात म्हटले, संपले सगळे. चष्मा अर्धा बाहेर आला, आणि तसाच परत आत गेला. त्यांनी कागदाची घडी घातली, स्कूटरच्या डिकीत टाकली आणि धडा न येणाऱ्या पोरासारखे उभे राहिले.

"गुपचूप खातं का?" त्यांनी विचारले. पाणीपुरीला इकडे गुपचूप म्हणतात.

प्राची त्यांच्याकडे बघतच राहिली. "पेपर चालू हायेत ना बाबा. पोट बिघडन."

"मंग दोनच खा."

आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी. माझे डोळे भरून आले, रसवाल्याने विचारले तर मी चरकाच्या इंजिनाचा धूर गेला म्हणाले.

तिथूनच मी अकोल्याला फोन लावला. सिस्टर, प्राचीचा पेपर, एवढेच म्हणाले असेन, त्यांनी मध्येच तोडले. "पेपर राहू द्या. बाप काय बोलला, थे सांगा." मी सगळे सांगितले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "बाप पास झाला बाप्पा."

जूनमध्ये पोरांचाही निकाल लागला. सिस्टरांचा अधूनमधून फोन येतो, प्राचीची चौकशी असते. झोपते का, मैत्रिणी कोण, बापाशी भांडते का? भांडते म्हटले, की त्यांना बरे वाटते. तिला किती टक्के मिळाले, हे त्यांनी मला आजवर विचारलेले नाही. तुम्ही विचारू नका, मीही सांगणार नाही.