कताराच्या पायऱ्यांवर माझं एक मत

ग्रीकांचं जुनं वैभव बघायला ग्रीसला कशाला जायचं? अल खोरहून, आमचं घर आहे तिथून, गाडी काढा, तासाच्या आत दोहा. तिथं कतारा नावाच्या कला-वस्तीत समुद्राकाठी ग्रीकांच्या धर्तीवर बांधलेलं गोल दगडी नाट्यगृह आहे. तिकीट नाही. सकाळीच जा, दुपारी दगड तव्यासारखा तापतो. पायऱ्या चढताना माझे गुडघे जे बोलले ते छापण्याजोगं नाही. हे मी फोनवर सांगते, सून मंजिरी लिहिते. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या.

हट्ट ईशाचा, माझ्या नातीचा. बारा वर्षांची, शाळेत ग्रीकांचा इतिहास शिकतेय. निघताना मला उत्साह भलता, पण एक गोष्ट सांगायची राहिलेली. मंजिरीची नवी नोकरी सुरू होणार होती. शाळेतून ईशा आली की घरात कोण, म्हणून मुलगा विनय माझा व्हिसा वाढवत होता. मला गावी साताऱ्याकडं जायचं होतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

वर बसून चौघांनी थालीपीठ खाल्लं, खालून आणलेला करक, म्हणजे इथला वेलचीचा दाट चहा प्यायलो. चहा दोन-चार रियालचा, झकास. ईशा मास्तरीण झाली. पेरिक्लीस नावाच्या पुढाऱ्याचं डोकं लांबट होतं, म्हणून पुतळ्यात कायम शिरस्त्राण. मी म्हटलं, तुझे आजोबा टोपी उगाच नव्हते घालत.

मग अरिस्टायडीस. अथेन्सचे लोक खापराच्या तुकड्यावर नको त्या पुढाऱ्याचं नाव कोरायचे. पुरेशी मतं पडली की तो दहा वर्षं गावाबाहेर. एका अडाणी गावकऱ्यानं शेजारच्या माणसाला सांगितलं, माझ्या खापरावर अरिस्टायडीस लिही. सगळे त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतात, कान किटले. शेजारचा माणूस म्हणजे खुद्द अरिस्टायडीस.

"मग लिहिलं त्यानं?"

"येस आजी. स्वतःचंच नेम."

ईशानं लगेच चहाचे कागदी कप फाडले. आजी स्टे की गो, लिहा. मी मंजिरीला जवळ बोलावून कानात सांगितलं, "लिही, जाऊ द्या." तिनं माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं.

ईशानं वाचलं. दोन 'स्टे'. दोन 'जाऊ द्या', एकाच हस्ताक्षरात.

विनय म्हणाला, "अगं, तुझी नोकरी?"

"आईंना आपण विचारलंच नव्हतं," मंजिरी म्हणाली.

 घरी पोचल्यावर वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या खाला, आमच्या शेजारीण मावशी, हे कळल्यावर आपणहून म्हणाल्या, पोरगी दुपारी माझ्याकडं राहील.

आता मी गावी. काय उरलं विचाराल, तर गुडघे. आणि ईशा फोनवर दर वेळी विचारते, आजी, कधी येणार? मंजिरीचा आवाज संध्याकाळी फार दमलेला येतो. हे वाक्य ती गाळेल असं वाटलं, म्हणून वाचून दाखव म्हटलं.

जसंच्या तसं होतं.