अर्ध्या पडद्यामागच्या शेवया

माझ्या मामांना सरकारनं जपानला पाठवलं ते भातशेती शिकायला. आमचं गाव तापीकाठचं, पिकं कापसाची आणि केळीची. भात आम्ही पाहिलेला तो पंगतीत. पण मामांचं तालुक्यात वजन होतं, म्हणून ते बोटीत बसले, आणि परतले ते पुरते महात्मा होऊन. परमुलखात आपण फक्त मीठ-भातावर राहिलो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की समाजानं त्यांना तापीचं पाणी पाजून शुद्ध केलं आणि वर पंचही केलं.

पंच झाल्यावर पहिला बळी गेला तो सख्ख्या मेहुण्याचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. वडिलांनी नंदुरबार स्टेशनावर ऑम्लेट खाल्लं होतं, आणि कोणी विचारलं तेव्हा चांगलं होतं असंही सांगितलं होतं. तेव्हापासून लग्न असो की तेरावं, सगळे मांडवात आणि वडील बाहेर ओट्यावर एकटे. आई त्यांना वाढायला जायची तेव्हा मान वर करत नसे. मामा मात्र मांडवात मधोमध बसून पुरणपोळीवर तूप ओतून घेत. मला त्यांचा संताप यायचा.

शेतात भात काही उगवला नाही. मग मामांनी तळोद्याच्या बाजारात एक टपरी टाकली. बाजाराला उतरणाऱ्या डोंगरातल्या लोकांना गरम काही मिळावं, ही समाजसेवा! दारावर अर्धाच पडदा लावला. जपानात असाच असतो म्हणे. आत डोंगरातलीच एक बाई मोठ्या पातेल्यात शेवया उकळायची. टपरी सुकटवाल्यांच्या रांगेला खेटून होती, त्यामुळे वास कुठून येतो हे विचारायची सोय नव्हती. मामा म्हणायचे, आपण फक्त देखरेख करतो. पडद्याखालून बाकड्यासमोर त्यांचे करकरीत जोडे दिसायचे आणि आतून ओरपल्याचा आवाज यायचा. आम्ही भोळे, देखरेखीला आवाज असतो असं समजून चाललो.

पुढे काही वर्षांनी पाण्याची इंजिनं बघायला मलाच जपानला जायला मिळालं. तिथं रेल्वेच्या पुलाखाली टपऱ्यांची रांग होती. दारांवर अर्धे पडदे आणि पडद्यांखाली नुसते पाय. मी हसतच आत शिरलो. आमच्या पंगतीत कढी ओरपतात तसे सगळे वाडगे ओरपत होते. माझ्यापुढे वाडगा आला, वाफ नाकात गेली, आणि मी एकदम तळोद्याच्या बाजारात जाऊन उभा राहिलो. तोच वास, त्याच शेवया. बरोबरच्या दुभाष्याला विचारलं, तर म्हणाला, वाळवलेल्या माशांचं पाणी. मला ओट्यावर बसलेले वडील दिसले आणि हसू पार आटलं. वाडगा मात्र मी संपवला. चव खरंच उत्तम होती.

गावी आल्यावर मलाही शुद्ध करणं आलं. मांडव घातला, पंगत बसली, वडील नेहमीसारखे ओट्यावर. तांब्या घेऊन समोर मामाच.

"बोल भाचा, तठे काय खादं?"

त्यांना मीठ-भात ऐकायचा होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मासाना पाणीमा उकाळेल शेवया. तुमना टपरीवर भेटतस तश्याच."

मामा खेकसले, "त्या शेवया डोंगरना लोकेसकरता शेतस! मी कधी हात नही लावा!"

तेवढ्यात मागून मामी बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या पंचांच्या मधे बोलत होत्या. "इतला वरीस मी तुमना धोतरना वास धोयी ऱ्हायनू. मले काय नाक नही का?"

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. मामांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी कोणी कोणाला पाजायचं हेच कोणाला कळेना. त्या गोंधळात आई उठली, ओट्यावर गेली आणि वडिलांचं पान उचलून आत घेऊन आली. तिनं ते मामांच्या शेजारी मांडलं. तिला कोणीही अडवलं नाही.

वडील सावकाश येऊन मांडी घालून बसले. पुरणपोळीचं ताट घेऊन वाढपी मामांपुढे वाकला, तसा वडिलांनी त्याचा हात धरला.

"यास्ले नुसता मीठ-भात वाढ," ते म्हणाले. "जपानपासून यास्ले तीच सवय शे."